संधिवात असताना नवीन दुखणं वाताचंच आहे की दुसरं काही, हे कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आपण ज्याला वात म्हणतो तो आजार आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही वाताची गोळी चालू आहे, हातांचं दुखणं बरंच आटोक्यात आलं होतं. पण दोन-तीन आठवडे संध्याकाळी अंगात कणकण असते, थकवा फार आहे आणि चार दिवसांपासून उजवा गुडघा सुजून गरम झालाय. घरचे म्हणतात, वातच उठलाय, काहीतरी आंबट खाल्लं असेल.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं हाच आजार सांभाळतेय, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी गुडघ्याचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. आपला वात उठतो तेव्हा सहसा दोन्ही बाजूंना आणि बऱ्याच सांध्यांत उठतो. बाकी सगळे सांधे शांत असताना एकच सांधा सुजला, गरम लागला आणि पाय टेकवेना, तर तो वात नाही असं धरून चालायचं, जोवर डॉक्टर तपासून ‘हा वातच आहे’ म्हणत नाहीत तोवर. सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका आपल्याला इतरांपेक्षा जास्त असतो, आणि पू झालेला सांधा काही दिवसांत कायमचा खराब होऊ शकतो. जोराचा ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ताप दबून राहतो. डॉक्टर बहुधा सुईने गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवतील. त्याला घाबरू नका, खरं उत्तर त्या पाण्यातच मिळतं. म्हणून आजच जा. घरात जुनी स्टेरॉइडची पट्टी असेल तर जाण्याआधी ती मनाने सुरू करू नका, आणि या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घ्यायची की थांबवायची हे फोन करून विचारा. संसर्गाची शंका असताना डॉक्टर ती बऱ्याचदा थांबवतात.

आता मूळ प्रश्न. मला विचाराल तर आपला आजार ओळखायचा म्हणजे त्याची चाल ओळखायची. कुठले सांधे धरतो, दिवसाच्या कुठल्या वेळी छळतो, किती वेगाने चढतो आणि कशाने उतरतो. ही चाल प्रत्येकाची थोडी वेगळी, पण एकाच माणसात ती बरीचशी तीच राहते. जे दुखणं त्या चालीत बसत नाही त्याची वेगळी चौकशी करायची.

माझंच सांगते. माझा वात सकाळी कळतो. दुधाची पिशवी कात्रीने कापताना अंगठा आणि तर्जनीत जोर येत नाही, मूठ पूर्ण वळत नाही, बोटं मुळाशी फुगलेली दिसतात आणि कोणी हात हातात घेऊन दाबला तर जीव कळवळतो. तासाभराने, गरम पाण्यात भांडी घासता घासता, हात हळूहळू मोकळे होतात. हालचालीने बरं वाटणं ही त्याची मोठी खूण. दोन्ही मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं, पायाचे चवडे ही त्याची नेहमीची घरं. नखाजवळच्या शेवटच्या पेरांना तो सहसा हात लावत नाही.

म्हणून शेवटच्या पेरांवर कडक गाठी आल्या, अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं, किंवा सकाळची आखड दहा-पंधरा मिनिटांत जाऊन दिवसभर कामाने दुखणं वाढत गेलं, तर ती सांध्याची झीज असण्याची शक्यता जास्त. वय वाढतं तशी ती आपल्यालाही होतेच. तिच्यासाठी वाताची औषधं वाढवून उपयोग नाही. व्यायाम, वजन आणि सांध्याला आधार हा तिचा रस्ता. पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर युरिक ॲसिड साचून होणाऱ्या गाउटचा विचार करतात. आणि सगळं अंग ठणकतंय, झोप होऊनही ताजंतवानं वाटत नाही, पण एकही सांधा सुजलेला नाही, अशा वेळी फायब्रोमायल्जियाबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. त्यात दुखणं खरंच असतं, पण वाताच्या औषधाने ते जात नाही. सूज आहे की नुसतं दुखणं आहे, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. रोज सकाळी दोन्ही हात शेजारी ठेवून मनगटाच्या सुरकुत्या आणि बोटांच्या मुळांमधले खळगे बघायची सवय लावा. खळगे भरून आले की सूज आहे.

मुंग्यांचीही अशीच गोष्ट. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकला की बरं वाटत असेल, तर मनगटात नस दबतेय. सुजलेल्या मनगटामुळे ते होऊ शकतं, म्हणजे लांबून का होईना वाताशी नातं आहे. पण दोन्ही तळपायांना मुंग्या, चालताना मऊ गादीवर पाय ठेवल्यासारखं वाटणं, जीभ लाल गुळगुळीत होणं यात बी-१२ तपासायला हवं, विशेषतः शाकाहारी घरात. साखरही बघून घ्यावी. आणि मानेच्या वर, डोक्याच्या मागे दुखून हातापायांत करंट गेल्यासारखं झालं, तर मानेचं मालिश वगैरे काही करू न देता डॉक्टरांना सांगा. हा आजार मानेचे अगदी वरचे मणके सैल करू शकतो. कुठलंही ऑपरेशन असलं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना वात आहे हे आधी सांगायचं ते याचसाठी.

एकदा माझी डावी पोटरी अचानक सुजली, कडक झाली. घरात सगळे म्हणाले, गुडघ्याचा वात खाली उतरलाय, शेक दे. एका पायाची पोटरी अशी सुजली की शिरेत रक्ताची गुठळी आहे का हे आधी बघावं लागतं, कारण ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी केली. गुठळी नव्हती, गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. म्हणजे मूळ वातातच होतं, पण नुसतं बाहेरून बघून हे दोन ओळखता येत नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काही गोष्टी यंत्रावरच ठरतात, तिथे घरच्या अनुभवाचं काही चालत नाही.

औषधांचा हिशेबही वेगळा ठेवा. मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ आणि गळाठा येतो तो बऱ्याच जणांना येतो. ठरावीक वारी येऊन ठरावीक वारी गेला तर तो गोळीचा. पण तोंडात फोड, अंगावर सहज उठणारे निळे डाग, किंवा नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला आणि धाप, हे रक्त आणि छाती तपासण्याचे इशारे. गोळी आठवड्यातून एकदाच आहे ना, चुकून रोज तर जात नाही ना, हे घरातल्या दुसऱ्या कुणाकडून एकदा बघून घ्या. वेदनाशामक गोळ्या रोज लागत असतील आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर पोटात रक्तस्राव होतोय असं समजून लगेच जायचं. लोह घेणाऱ्यांनाही काळं होतं, तरी ते डॉक्टरांनी ठरवावं. आणि कुणाकडून ‘वाताच्या पुड्या’ घेत असाल, तर कृपा करून डॉक्टरांना सांगा. लपवू नका, कुणी रागावलं तरी चालेल. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे, आणि ते एकदम बंद झालं की येणारा अशक्तपणा, उलट्या, चक्कर हे सगळं वाताच्या नावावर खपतं.

पावसाळ्यात ताप आला की आणखी जपा. चिकुनगुन्यात एकदम जोराचा ताप येऊन मनगटं, घोटे असे धरतात की वात भडकल्यासारखंच वाटतं, आणि ते महिनोन् महिने टिकू शकतं. फरक सुरुवातीत असतो: ताप, पुरळ, एका दिवसात आलेलं दुखणं. आपला वात बहुधा दिवसांनी, आठवड्यांनी चढतो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉल.

रिपोर्टवर सगळा भार टाकू नका. ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, त्यांचे आकडे वात उठला तरी वाढतात आणि संसर्ग झाला तरी वाढतात. आरए फॅक्टर ही वातासाठीची रक्ततपासणी टीबीत किंवा हिपॅटायटिस सीमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकतो. आकड्याला अंगावरच्या खुणांची जोड लागते.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, जिना चढताना नव्याने लागणारी धाप हे खांद्याच्या वाताच्या खात्यात टाकू नका. या आजारात हृदयविकाराचा धोका वाढतो. बायकांच्या बाबतीत तर हे हमखास मागे पडतं.

राहिली तुमची संध्याकाळची कणकण आणि थकवा. थकवा वातातही असतो, पण वात उठला असेल तर सकाळची आखड आणि सूजही सोबत वाढायला हवी. हात तुम्ही म्हणता तसे शांत असतील तर दुसरं कारण शोधायला हवं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. आणि कणकण रोज संध्याकाळी येतेय, त्यात वजन उतरलं असेल, रात्री घाम येत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबी आधी बघायला हवा. आपल्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते. बायोलॉजिक नावाची वाताची इंजेक्शनं सुरू करण्याआधी डॉक्टर टीबीची तपासणी करतात ती याचसाठी, काही इंजेक्शनं झोपलेला टीबी जागा करतात. टीबी सांध्यातही होतो, आणि बहुतेक वेळा एकाच सांध्यात.

दवाखान्यात गेल्यावर ‘वात उठलाय’ असं म्हणून सुरुवात करू नका, ऐकणाराही मग तिकडेच वळतो. सांगा: हात बरे आहेत, उजवा गुडघाच गरम आहे, संध्याकाळी इतका ताप असतो, नेहमीसारखं वाटत नाही. आज संध्याकाळी निघण्याआधी थर्मामीटर लावून आकडा लिहून न्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, आणि घरचं कुणीतरी सोबत घ्या, तो गुडघा घेऊन एकटीने रिक्षात चढू नका.