खान्देशात समुद्र कुठे आला?

चोपडा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय, थोडं कापून देतो : "सर, मुलगी जळगावला टी.वाय. बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. आमची केळी आहे पाच एकर. ती म्हणते समुद्रकाठच्या भागात जमिनीखालच्या पाण्यात नायट्रोजन किती जातो त्यावर रिसर्च करायचा. आमले काही समजत नही. खान्देशात समुद्र कुठे? आणि पोट कसं भरेल? तिची आई म्हणते बी.एड. करून जवळच शाळा बघावी."

भाऊ, राम राम. समुद्र कुठे म्हणता, तुमच्या तालुक्याच्या खालच्या अंगाला तापी वाहते ना, तीच पुढे उकाईच्या धरणातून सुरतेला जाते आणि डुमसजवळ समुद्राला मिळते. म्हणजे तुम्ही व्हेंच्युरीतून (ठिबकमध्ये खत सोडायच्या नळीतून) जो युरिया सोडता त्यातला पिकाने न घेतलेला थोडा तरी नत्र, म्हणजे नायट्रोजनच, त्याच वाटेला लागतो, काही नाल्यातून आणि काही जमिनीत मुरून आधी तुमच्याच विहिरीत. पोरगी समुद्राचं नाव घेतेय पण विषय तुमच्या बागेतलाच आहे बघा.

एक हिशोब करून दाखवतो, शेतकऱ्याला हिशोबच पटतो. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात 46 टक्के नत्र म्हणजे साधारण 20.7 किलो. जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते वजनाला साडेचार पटीच्या जवळ जातं, म्हणजे 90 किलोच्या वर. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आता भागाकार करा, एका गोणीतला सगळा नत्र पाण्यात गेला असं धरलं तर 20 लाख लिटर पाणी मर्यादेला टेकतं! सगळा जात नाही हे मलाही माहितीय, पीक घेतं, काही हवेत उडतो, पण केळीच्या कांदेबागेला (पावसाळ्याअखेरच्या लागवडीला) आणि पिलबागेला (जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या केळीला) मिळून आपण किती गोण्या टाकतो ते तुम्हीच मोजा. आणि ह्याला रंग नाही वास नाही चव नाही, उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. सगळ्यात जास्त धोका तान्ह्या बाळाला, वरचं दूध त्या पाण्यात कालवलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं.

मग समुद्रकाठीच का जायचं? कारण हा विषय तिकडे लोकांनी खूप बारकाईने केलाय. नदी तलावात शेवाळ वाढायला सहसा फॉस्फरस कमी पडतो, समुद्राच्या खाडीत मात्र बहुतेक वेळा नायट्रोजन कमी पडतो, त्यामुळे तो मिळाला की शेवाळ माजतं, ते कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासळी मरते. अमेरिकेत मॅसेच्युसेट्सला केप कॉड म्हणून भाग आहे, सगळी वाळू, तिथे खाडीत येणारा नायट्रोजन शेतीपेक्षा जास्त घरोघरच्या सेप्टिक टँकमधून येतो असं निघालं, आणि 2023 मध्ये तिथल्या सरकारने सेप्टिक टँकचे नियमच कडक केले. मजा अशी की जमिनीखालचं पाणी इतकं सावकाश सरकतं की आज खाडीत येतंय ते कधीकधी 10-20 वर्षांपूर्वीचं पाप असतं. कोणाचा नत्र, युरियाचा की शेणाचा की संडासाचा, ते नायट्रेटमधल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवरून) बऱ्यापैकी ओळखता येतं. हे केमिस्ट्रीवाल्याचं काम आहे आणि तुमची पोरगी केमिस्ट्रीचीच आहे.

आता पोटाचं. इथे मी जरा कडक बोलणार. एम.एस्सी. कशात करायची हे नाव छान वाटतं म्हणून ठरवू नका. माझ्याकडे एक पोरगा आला होता, एन्व्हायर्नमेंटल सायन्स केलं, अभ्यास चांगला, आणि यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा भरायला गेला तर पात्रतेतच बसेना. सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डाच्या (केंद्राच्या भूजल खात्याच्या) सायंटिस्ट बी च्या जागा ह्याच परीक्षेतून भरतात, त्यात हायड्रोजिओलॉजीला (भूजलशास्त्राला) जिओलॉजीकडची एम.एस्सी. लागते आणि केमिकलला केमिस्ट्रीची. म्हणून तिने केमिस्ट्रीतच एम.एस्सी. करावी, जमलं तर ॲनालिटिकल, आणि जिओलॉजी बाजूने वाचत राहावं. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, पाणी फटीतून जातं आणि तुमच्या तापीच्या गाळात वेगळं वागतं, एवढं तरी कळलंच पाहिजे. आयआयटीची जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) द्यावी, नाहीतर जळगावचं विद्यापीठ आहेच. पुढे सीएसआयआर नेट केमिकल सायन्सेसमधून जेआरएफ निघाली तर महिन्याला 37,000 रुपये फेलोशिप, पीएच.डी. करताना घरून पैसे मागवायची गरज नाही. जागा कमी असतात आणि पीएच.डी.ला पाच वर्षं सहज जातात, हे लपवत नाही. पण पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये हाताला चांगली सवय असलेला केमिस्ट लागतोच. बी.एड. एम.एस्सी. नंतरही होतं, ताईंना म्हणावं तो दरवाजा बंद होत नाही.

पोरीला एकटीला समुद्रावर पाठवायचं का ही भीती पत्रात लिहिली नाही तुम्ही पण दिसते. फिल्डला टीम जाते, आणि वर्षातले जास्त दिवस लॅबमध्येच जातात.

तिला सुट्टीत एक काम सांगा. तुमची विहीर आणि भावकीतल्या चार बोअर, ह्यांचं पाणी नायट्रेटसाठी तपासायचं, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. बोअरची मोटर आधी थोडा वेळ चालू द्यायची, पाईपात साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरून बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि लवकरात लवकर लॅबला, नाहीतर बाटलीतच जिवाणू नायट्रेट खातात. कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रो (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) असेल तर 220 नॅनोमीटरवर वाचायचं आणि 275 चं करेक्शन वजा करायचं, सरांना विचारलं तर दाखवतील. शेजारी वहीत लिहायचं कोणत्या शेतात किती गोण्या आणि कधी टाकल्या. मुलाखतीत ती वही मार्कशीटपेक्षा जास्त बोलेल, मी पाहिलंय.

आणि हो, रिपोर्ट आला की आकडा बघायच्या आधी खाली काय लिहिलंय ते बघायला सांगा, नायट्रेट की नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन). पहिल्याची हद्द 45, दुसऱ्यात तीच हद्द साधारण 10 ला येते. 12 आकडा बघून "आपलं पाणी एकदम चांगलं" म्हणत घरी आलेले लोक बघितलेत मी.