कॅमेरा लावलाय खरा, पण हवं तेव्हा रेकॉर्डिंग मिळेल का? कोकणातल्या वाचकांचे प्रश्न

गणपती झाले, चाकरमानी परत गेले, आणि दरवर्षीसारखे बंद घरांना कॅमेरा लावायचे प्रश्न यायला लागले. बहुतेकांचा पहिला प्रश्न "कुठल्या कंपनीचा घेऊ" हाच असतो. मला विचाराल तर कंपनी ही शेवटी बघायची गोष्ट आहे. कॅमेरा आपण एका दिवसासाठी लावतो, ज्या दिवशी काहीतरी घडतं त्या दिवसासाठी, आणि नेमकं त्या दिवशी लाईट नसते, कार्ड खराब झालेलं असतं, नाहीतर काचेवर खारट थर बसलेला असतो. म्हणून खालच्या उत्तरांत ब्रँड कमी आणि वायर, वीज, पासवर्ड जास्त आहेत.

प्रश्न (गुहागरजवळचं गाव, सध्या बोरिवली): गावचं घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंदच असतं. ब्रॉडबँड नाही, मोबाईलला रेंज आहे. सिमवाला कॅमेरा लावून इथून चोवीस तास लाईव्ह बघता येईल का? पॅक दिवसाला २ जीबीचा आहे.

दादा, चोवीस तास नाही जमणार, हिशोबच करून बघा. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला साधारण २ एमबीपीएस लागतात, म्हणजे सेकंदाला पाव एमबी, तासाला ९०० एमबी. तुमचे २ जीबी सव्वादोन तासात संपले, आणि पूर्ण दिवसाचं गणित केलं तर साडेएकवीस जीबीच्या वर जातं. त्यामुळे रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवरच होऊ दे आणि मोबाईलवर फक्त अलर्ट येऊ दे, वाटलं तेव्हा दोन मिनिटं उघडून बघायचं. बघताना अ‍ॅपमध्ये एचडी ऐवजी सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं कमी डेटा खाणारं हलकं चित्र) निवडा, चित्र थोडं जाड दिसेल पण २५६ केबीपीएसवर तासाला सव्वाशे एमबीसुद्धा लागत नाहीत. कार्ड साधं मोबाईलचं घेऊ नका, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या, कारण कॅमेरा त्यावर सतत लिहीत आणि पुसत असतो आणि साधं कार्ड त्यात गुपचूप मरतं, अ‍ॅपमध्ये लाईव्ह दिसत राहतं म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. १२८ जीबीवर सलग रेकॉर्डिंग पाच-सहा दिवस राहतं, हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर असं ठेवलं तर बरंच जास्त.

आता खरी अडचण. घर बंद करून निघताना आपण सगळे काय करतो, तर मेन स्विच खाली पाडतो. कॅमेरा तिथेच बंद. म्हणून वायरमनला सांगून कॅमेऱ्यासाठी वेगळा एमसीबी काढून घ्या, बाकीच्या घराची लाईट बंद आणि एवढीच लाईन चालू. त्याला एक मिनी यूपीएस जोडा, पावसाळ्यात लाईट दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला माहीत आहेच. निसर्ग वादळानंतर २०२० साली दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेवढं कुठलाही यूपीएस पुरणार नाही, ते धरूनच चाला. सोलरवाले कॅमेरे चांगले वाटतात, पण ते बॅटरी वाचवायला झोपलेले असतात आणि कोणी समोर आलं की जागे होतात, सलग रेकॉर्डिंग त्यातले बहुतेक करत नाहीत, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत पॅनलला ऊन कुठून मिळणार. माडाच्या सावलीत तर लावूच नका.

सिम घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम मोबाईलमध्ये टाकून, कॅमेरा जिथे लागणार त्या पडवीच्या कोपऱ्यात उभं राहून संध्याकाळी रेंज बघा, खळ्यात येते ती रेंज चिऱ्याच्या भिंतीआड येईलच असं नाही. रिचार्जची तारीख मोबाईलवर लावून ठेवा. आणि वाडीतल्या एका विश्वासू माणसाला अ‍ॅपमध्ये शेअर द्या, कारण अलर्ट बोरिवलीला येऊन उपयोग नाही, मागच्या दाराला जाऊन बघणारं कोणीतरी गावातच पाहिजे.

प्रश्न (मालवण, मासळीचा व्यवसाय): दिवसाक बरा दिसता, पण रातीक सगळा पांढराफटक. एका वर्षात स्क्रू पण गंजले. कॅमेरो आयपी ६६ असा म्हणान सांगल्यानी होतो.

काका, कॅमेरा बिघडलेला नसावा, आधी काच बघा. रात्री कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. काचेवर खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर बसला की तो प्रकाश समोर जायच्या आधीच काचेवर पसरून लेन्समध्ये परत येतो, म्हणून सगळं पांढरं. दिवसा हा थर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाच्या कणांनी काच कायमची ओरखडते. आधी गोड्या पाण्याचा स्प्रे मारा, मीठ विरघळू दे, मग मायक्रोफायबरने हलकेच टिपा. समुद्राच्या तोंडावर असाल तर महिन्यातून एकदा तरी हे करावंच लागतं, पावसात भिंतीच्या आडोशाचा कॅमेरा आपोआप धुतला जात नाही हेही लक्षात घ्या.

दुसरं म्हणजे कोळी. त्या प्रकाशाच्या आणि उबेच्या मागे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोर एक धागा जरी हलला तरी रात्रभर अलर्ट वाजतात. फारच त्रास असेल तर कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड बंद करून तीन-चार फूट बाजूला वेगळा इन्फ्रारेड दिवा लावा, जाळं मग दिव्यापाशी लागतं. पुढच्या वेळी गोल पारदर्शक घुमटवाला डोम घेऊ नका, टरेट (घुमट नसलेला, उघड्या गोळ्यासारखा कॅमेरा) घ्या, त्यात दिव्याची आणि लेन्सची काच वेगळी असते त्यामुळे परत येणारा प्रकाश खूप कमी.

आयपी ६६ बद्दल दुकानदार खोटं बोलला नाही, पण ती परीक्षा धुळीची आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची आहे, मिठाची नाहीच. स्क्रू आणि ब्रॅकेट एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ चे मागा, ३०४ समुद्राजवळ डाग धरतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. आणि मी तर म्हणेन स्क्रूपेक्षा जास्त काळजी कॅमेऱ्याच्या शेपटीची घ्या. कॅमेऱ्यामागून जी फूटभर वायर लोंबते आणि तिच्या टोकाला नेटवर्कचा जॉइंट असतो, तो बहुतेक ठिकाणी नुसता इन्सुलेशन टेप गुंडाळून भिंतीवर सोडलेला असतो. तो एकदा उघडून बघा, पिना हिरव्या पडलेल्या असतात. चित्र थांबत थांबत येणं, कॅमेरा मध्येच ऑफलाईन जाणं, ह्यातलं बरंचसं तिथून येतं. जॉइंट जंक्शन बॉक्सच्या आत घ्या, वायर बॉक्समध्ये खालून शिरू दे आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून टपकून जाईल, आत येणार नाही.

प्रश्न (देवगड): घरापासून बागेतला मांगर (राखणीची खोली) २५० मीटर. हंगामात आंबे चोरीला जातात. नेटवर्कची वायर कलमांवरून नेली तर चालेल का? वानरांचा पण उपद्रव आहे.

नाही चालणार भाऊ, दोन कारणांनी. नेटवर्कच्या तांब्याच्या वायरची मर्यादा १०० मीटर, पुढे भरवसा नाही. आणि उघड्यावर झाडांवरून नेलेली तांब्याची लांब वायर म्हणजे विजेला घरात यायला वाट करून देणं. आगोटच्या वळवाला आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा किती होतात ते सांगायला नको, जवळपास कुठे वीज पडली तरी वायरीत झटका येतो आणि कॅमेऱ्यासकट राऊटर, रेकॉर्डर सगळं जातं.

तुम्ही फायबर टाका. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क वायर जोडणारी डबी), मध्ये फायबर, पाईपमधून जमिनीखालून. फायबरमधून वीज वाहत नाही, फक्त ज्यात लोखंडी तार किंवा पत्रा नाही असं मागून घ्या. मांगरात वीज असेल तर तिथे छोटा पीओई स्विच ठेवा, म्हणजे तिथून पुढे कॅमेऱ्याला डेटा आणि वीज एकाच वायरने जाईल. साध्या पीओईत स्विचकडून एका पोर्टला १५.४ वॉट मिळतात, नेहमीच्या कॅमेऱ्याला ते पुरून उरतात, पण फिरणारा मोठा कॅमेरा असेल तर त्याची गरज बघून ३० वॉटवाला स्विच घ्या. वायर घेताना शुद्ध तांबं आहे का विचारा, बाजारात वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी स्वस्त वायर भरपूर मिळते, लांबवर तिच्यात व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड चालू झाला की कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. दिवसा नीट आणि रात्री बंद-चालू, असं दिसलं की आधी वायरवरच संशय घ्यायचा.

वायरलेस पूल टाकणारे पण भेटतील, पण त्याला समोरासमोर मोकळी नजर लागते, मध्ये कलमांचा पाला आला, त्यात तो भिजलेला, की सिग्नल गेला. अर्थिंगचं मात्र गंभीरपणे घ्या, कातळावर नुसता रॉड ठोकून काही होत नाही, जांभा कोरडा पडला की वीज जमिनीत उतरायला तयार नसते, खड्डा काढून माती भरून ओल राहील असं करून घ्या आणि मोजून घ्या. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं यंत्र) चांगल्या अर्थिंगशिवाय नुसता डबा आहे.

वानरांसाठी कॅमेऱ्यात माणूस ओळखणारं सेटिंग असेल तर तेवढंच चालू ठेवा, साधं मोशन ठेवलंत तर हलणाऱ्या फांदीपासून सगळ्यावर अलर्ट येईल आणि चार दिवसात तुम्ही कंटाळून आवाजच बंद कराल. दिसणारी सगळी वायर पाईपमध्ये.

प्रश्न (चिपळूण, ऑफिस): सेटअप करणाऱ्या मुलाने राऊटरमध्ये पोर्ट ओपन करून दिलाय, बाहेरून बघता येतं. पासवर्ड त्यानेच टाकलाय, सोपा आहे. धोका आहे का?

आहे, आणि आजच बदला. पोर्ट ओपन म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान अख्ख्या जगासमोर उघडं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने हेच केलं, कारखान्यातून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून बघितले आणि त्यावर लाखो कॅमेरे, रेकॉर्डर, राऊटर ताब्यात घेतले, त्याच ऑक्टोबरमध्ये डाइन (Dyn) नावाच्या, साईटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेत मोठमोठ्या साईट बंद पडल्या होत्या. ह्या कॅमेरेवाल्यांच्या मागावर कोणी नव्हतं, उघडं दिसलं म्हणून घेतलं. आपलं छोटं ऑफिस कोण बघतंय असं म्हणून सोडू नका.

राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे त्याने उघडून दिलेला पोर्ट, काढा, यूपीएनपी हे सेटिंग बंद करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच परत पोर्ट उघडून घेईल. बाहेरून बघायला व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची कुलूपबंद वाट) सगळ्यात चांगलं, त्यातलं वायरगार्ड आता बऱ्याच राऊटरमध्ये येतं. ते जमत नसेल तर कंपनीचं क्लाउड अ‍ॅप, पण दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करून. कॅमेरे ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर ठेवू नका, वेगळं नेटवर्क करा. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. आणि एक गोष्ट जरूर तपासा, अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचा मालक कोणाचा नंबर आहे? सेटअप करणारा घाईत स्वतःच्या मोबाईलवर रजिस्टर करतो आणि तुम्हाला शेअर देतो, म्हणजे खरा मालक तो आणि तुम्ही पाहुणे. त्याच्याकडून डिव्हाईस डिलीट करवून तुमच्या नावावर घ्या.

चिपळूण म्हणून अजून एक. २२ जुलै २०२१ चा पूर आठवा आणि तुमचा रेकॉर्डर तळमजल्यावर टेबलाखाली असेल तर वरच्या मजल्यावर न्या.

प्रश्न (दापोली, होमस्टे): आमच्याकडे पर्यटक येतात. कॅमेरे कुठे लावावेत आणि कुठे नाही?

ताई, गेट, पार्किंग, ऑफिसचं टेबल, जिना, एवढंच. खोली, बाथरूम, कपडे बदलायची जागा, बाहेरचं न्हाणीघर, इथे नाही म्हणजे नाही, बंद करून ठेवलेला कॅमेरासुद्धा नको. कोणाच्या खासगी अंगाचं चित्रण केलं तर आयटी कायद्याच्या ६६ ई कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात खोलीची खिडकी येत असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करून टाका. माईक बंद ठेवा, पाहुण्यांच्या गप्पा आपल्याला कशाला हव्यात. आत येतानाच दिसेल असा बोर्ड लावा, बुकिंग करतानाही सांगा. आणि कोणीही येऊन फुटेज मागितलं तर मोबाईलवर पाठवू नका. आपल्याकडे माणसं विश्वासाने उतरतात, तो विश्वास फार मोलाचा आहे.

प्रश्न (अलिबाग, दुकान): चार कॅमेरे, २ टीबीची डिस्क. किती दिवसांचं राहील? आणि चोरी झाली तर पोलिसांना काय द्यायचं?

कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस धरले तर चार मिळून दिवसाला १७२ जीबीच्या आसपास, म्हणजे साधारण साडेअकरा दिवस. रेकॉर्डिंग दाबून लहान करायची पद्धत एच.२६४ वर असेल तर एच.२६५ करा, दिवस जवळपास दुप्पट होतात. मालाची घट महिन्याच्या शेवटी कळते, तेव्हा ३० दिवस तरी राहिले पाहिजेत असं मला वाटतं.

घड्याळ आज तपासा. लाईट जाऊन जाऊन कित्येक रेकॉर्डरची वेळ मागे पडते, कधी थेट १९७० किंवा २००० साल दाखवतात. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणारं सेटिंग) चालू करा, टाइम झोन +५:३०. चुकीच्या वेळेचं फुटेज दिलंत तर प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागतं. घटना कळली की पहिलं काम म्हणजे तेवढा भाग पेन ड्राईव्हवर काढून घेणं, कारण डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करून देऊ नका, रेकॉर्डरमधूनच एक्सपोर्ट करा, त्याचा प्लेअरही सोबत द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३ कलम १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून निघणारा तिचा ठसा, फाईल बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते, म्हणून मूळ फाईलला हात न लावता तिची एक प्रत वेगळी ठेवा आणि डिस्क पोलीस सांगेपर्यंत फॉरमॅट करू नका. हे सगळं चोरी झाल्यावर पहिल्यांदा शिकायला बसू नका, ह्या रविवारी दुकान बंद असताना कालची दहा मिनिटं पेन ड्राईव्हवर काढा आणि घरच्या कॉम्प्युटरवर चालतात का, गल्ल्यापाशी उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येतो का, ते बघा. नाही ओळखू आला तर तिथल्या कॅमेऱ्याची २.८ एमएमची लेन्स बदलून ४ किंवा ६ एमएमची लागेल, तसं परत लिहा.