प्रीमियरच्या यादीत वेबएम आणि एमकेव्ही नाही, कोणतं प्लगइन टाकू?

तुम्ही विचारलंय की ग्राहकाने एकच व्हिडिओ वेबएम आणि एमकेव्ही अशा दोन्ही फॉरमॅटमध्ये मागितलाय, प्रीमियर प्रो या अडोबीच्या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्टमध्ये दोन्ही दिसत नाहीत, तर कोणतं प्लगइन (वरून जोडायचं सॉफ्टवेअर) घ्यावं. दोघांना एकाच माळेत ओवू नका, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

एमकेव्हीसाठी काहीच टाकायची गरज नाही. एमकेव्ही हा नुसता डबा आहे, एमपी४ सारखाच. आतला व्हिडिओ कुठल्या कोडेकने, म्हणजे दाबायच्या पद्धतीने, दाबलाय (यालाच एन्कोड करणं म्हणतात), हा प्रश्न निराळा. नेहमीसारखी एच.२६४ या कोडेकमध्ये एमपी४ काढा आणि शटर एन्कोडर या फॉरमॅट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'रीरॅप' निवडून एमकेव्हीत हलवा. डबा बदलतो, आतला माल तोच राहतो; पुन्हा एन्कोडिंग नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही उतरत नाही आणि फाइल कॉपी व्हायला लागेल जवळपास तेवढ्याच वेळात काम होतं. या कामाला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर घेऊ नका, ते व्हिडिओ दरवेळी नव्याने एन्कोड करतो.

वेबएमचं तसं नाही. त्या डब्यात व्हीपी८, व्हीपी९ किंवा एव्ही१ एवढेच व्हिडिओ बसतात, आवाज व्हॉर्बिस किंवा ओपसमध्ये. एच.२६४ आत शिरत नाही, म्हणजे एन्कोड करणं आलंच. तरीही प्लगइनच्या आधी ग्राहकाला एक विचारा: मागची बाजू पारदर्शक हवी आहे का?

नको असेल, तर प्रोरेस ४२२ या उच्च दर्जाच्या कोडेकमध्ये एक मास्टर, म्हणजे मूळ पक्की फाइल, काढा आणि त्यावरून प्रीमियरच्या बाहेरच वेबएम बनवा. जागा मात्र मोकळी ठेवा. १०८०पी, ३० फ्रेमला हा मास्टर मिनिटाला साधारण १.१ जीबी खातो. उद्या तिसरा फॉरमॅट मागितला तरी टाइमलाइन पुन्हा रेंडर करावी लागत नाही. मी बहुतेक कामं अशीच करतो.

पारदर्शक लोगो किंवा नावपट्टी असेल, तर प्लगइनला खरा अर्थ आहे. एफनॉर्डचं वेबएम प्लगइन मोफत आहे, व्हीपी८ आणि व्हीपी९ दोन्ही देतं, अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, यासकट. फाइल अडोबीच्या कॉमन फोल्डरमधल्या प्लग-इन्स, ७.०, मीडियाकोअर या मार्गाने आत ठेवायची आणि प्रीमियर बंद करून पुन्हा उघडायचं. अडोबीचा एक्स्पोर्टसाठीचा मीडिया एन्कोडरही तेच फोल्डर वाचतो, त्यामुळे तिथेही वेबएम आपोआप दिसू लागतं. एक्स्पोर्ट करताना अल्फाची खूण आठवणीने करा, आणि त्याआधी प्रोग्राम मॉनिटरच्या पान्याच्या मेन्यूतून ट्रान्सपरन्सी ग्रिड चालू करा. मॉनिटरमध्ये रिकामी जागा आणि काळा रंग दोन्ही काळेच दिसतात. ग्रिड लावल्यावर रिकाम्या जागी चौकटी येतात. जिथे काळंच राहिलं तिथे खाली एखादा थर विसरलेला असतो. माझा एकदा असाच राहिला होता आणि तो ग्राहकाने शोधून दिला!

शिवाय ही पारदर्शकता क्रोम आणि फायरफॉक्समध्ये दिसते, सफारीत नाही. तिथे अल्फासकट एचईव्हीसी या दुसऱ्या कोडेकची वेगळी फाइल लागते. ग्राहकाला हे आधीच सांगून ठेवा.

आता प्लगइनचा त्रास. दुसरंच एक विकतचं प्लगइन मी वापरत होतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर रात्री अपडेट झालं आणि सकाळी, फाइल द्यायच्या दिवशीच, तो फॉरमॅट यादीतून गायब. माझे सगळे प्रीसेट, म्हणजे जपून ठेवलेली सेटिंग्ज, तीही त्याच्यासोबत गेली. मास्टर काढलेला नव्हता, म्हणून जुनी आवृत्ती शोधून बसवण्यात दुपार गेली. तेव्हापासून चालू काम हातावेगळं होईपर्यंत मी अपडेट करत नाही, आणि ऑटो-अपडेट बंदच ठेवलंय.