वाड्यातलं जुनं खणांचं कपाट खरंच सडलंय की नाही, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

आजोळचा वाडा पाडायला काढला, मामांनी पाच खणांचं जुनं कपाट तुमच्या नाशकातल्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर पाठवलं, आणि आता जुनं फर्निचर घेणारा एक जण ‘आतून सगळं सडलंय, नऊ हजार देतो’ म्हणतोय. तो खरं बोलतोय का, हा तुमचा प्रश्न. मी सुतार नाही. पण सोळा वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याचं सामान निघालं, तेव्हा असंच एक कपाट हौसेनं घेतलं आणि त्याच्यापायी मिस्त्रींकडे इतक्या खेपा घातल्या की थोडंफार कळायला लागलं.

मी बघायला गेलो तो मे महिन्यात. पॉलिश असं चमकत होतं की आत डोकं घालायचं सुचलंच नाही. जुलैत वरचे दोन खण अडकले ते दिवाळीपर्यंत हलले नाहीत, आणि मागच्या पायाशी टाल्कम पावडरीसारखा भुसा पडायला लागला. म्हणून दर्शनी बाजूकडे तूर्त बघूच नका.

सगळे खण बाहेर काढा. काढताना प्रत्येकाच्या मागे खडूनं आकडा घाला, हातानं केलेले खण एकमेकांच्या जागी धड बसत नाहीत. मग एक खण उलटा करा. बाजूच्या फळ्यांची खालची कड वर्षानुवर्षं पट्टीवर घासून झिजलेली असते, मागच्या बाजूला जरा जास्तच. कपाटाच्या आतल्या पट्टीवरही त्याच जागी खोबण पडलेली दिसली पाहिजे. खण झिजलाय आणि पट्टी कोरी, तर पट्टी बदललेली आहे. दोन्ही कोरे, तर ‘आजोबांच्या वेळचं’ या गोष्टीवर फार विसंबू नका. झीज म्हणजे खराबी नव्हे. सागाची बारीक चीप चिकटवून मिस्त्री एका दिवसात खण सरळ करतो.

समोरच्या फळीचा बाजूच्या फळीशी सांधा बघा. दात एकमेकांत अडकवलेले असतील, ज्याला सुतार डव्हटेल म्हणतात, तर ते मोजा. लहानमोठे, थोडे तिरके, शेजारी आखणीची बारीक रेघ दिसतेय, तर ते हातानं कापलेले. तळाची फळी अखंड लाकडाची असेल तर ती आक्रसून मागे किंवा कडेला फट पडलेली असेल. या फटीला घाबरू नका. लाकूड आडव्या अंगानं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि जुने सुतार हे जाणूनच तळ खाचेत मोकळा सोडायचे. उलट कुणी हुशारी करून ती फट चारी बाजूंनी फेविकॉलनं बंद केली असेल तर फळी मधोमध तडकते. फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. त्याआधीचं काम सरसाचं. सरस वाळून कडक, तपकिरी आणि ठिसूळ होतो, गरम पाण्यानं सुटतो, म्हणून तसा सांधा ढिला झाला तरी मोकळा करून पुन्हा नीट बसवता येतो. खिळखिळं कपाट आणि सडलेलं कपाट यातला फरक घेणारा तुम्हाला सांगणार नाही!

आता पाय. खरं नुकसान बहुतेक तिथंच असतं. रोजची ओली फरशी, त्याआधी सारवलेली जमीन, असं सगळं पायांनी सोसलेलं असतं. वाडा सराफ बाजाराच्या किंवा भांडी बाजाराच्या बाजूला असेल तर मामांना विचारा, १९६९ च्या किंवा २०१९ च्या पुरात पाणी किती चढलं होतं. नाशकात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचं पाणी मोजतात, तुमच्या कपाटावर ते डागावरून मोजायचं: चारी पायांवर आणि पाठीच्या फळीवर एकाच उंचीची काळपट रेघ. एकाच पायावर डाग असेल तर बहुधा गळकं छप्पर. मग एक दाभण घ्या आणि पायाच्या तळाशी दाबा. सागाच्या गाभ्यात ते दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. लोण्यासारखं आत गेलं तर तो पाय गेला. पण पायच, कपाट नव्हे.

छिद्रं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. भुंगेरा अळीपणी आत खातो आणि मोठा झाल्यावर छिद्र पाडून निघून जातो; ते छिद्र पन्नास वर्षांपूर्वीचंही असू शकतं. जुन्या छिद्राची कड काळवंडलेली असते, ताज्याची आतून फिकी. कपाट रिकामं करून खाली काळा कागद अंथरा आणि पंधरा दिवस थांबा, शक्यतो पावसाळ्यात. रोज पांढरट भुकटी पडत असेल तर कीड चालू आहे, आणि औषध सिरिंजनं छिद्रांत सोडावं लागेल. सागाचा आतला तेलकट गाभा तिला सहसा रुचत नाही. ती लागते कडेच्या फिकट लाकडाला आणि पाठीला ठोकलेल्या हलक्या फळ्यांना. एक खूण मला मिस्त्रींनीच दाखवली: छिद्राऐवजी लांबलचक उघडी नाळ दिसली, तर ती फळी कीड लागून गेल्यावर कापलेली आहे. माझ्या कपाटाचा माथा तसा निघाला, म्हणजे दुसऱ्याच कशाची तरी जुनी फळी रंधून वर बसवलेली. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मुठींना चुंबक लावून बघा, खरं पितळ चिकटत नाही. खणाच्या आतून जास्तीची बुजवलेली भोकं असतील तर मुठी बदलल्यात. कुलपावर गोदरेज असेल तर ते १८९७ नंतरचं, कारण ती कंपनी त्या साली सुरू झाली. पण कुलूप कधीही बदलता येतं, त्यामुळे त्यावरून सगळ्या कपाटाचं वय काढू नका. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर ते १९३० च्या दशकानंतरचे. निदान तेवढी दुरुस्ती नंतरची.

तपासणी होईपर्यंत पॉलिश, पॉलिशपेपर, काही नको. मी उत्साहात मशीननं घासून घेतलं आणि चपडी लाखेचा जुना थर, त्यावरचे हातांचे काळसर डाग, सगळं एका दुपारी गेलं. थर लाखेचा आहे का, हे बघायला मागच्या कोपऱ्यात कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. चिकट झालं तर लाख, आणि तसा थर न घासता पुन्हा जिवंत करता येतो.

घेणाऱ्याला आठवडाभर थांबवा. त्यानं परदेशातल्या गिऱ्हाइकाची गोष्ट काढली तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यात पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिसरा खण डावीकडून बोटभर पुढे आलेला दिसतोय. मागे काहीतरी अडकलंय किंवा डावी पट्टी सुटलीय. आधी तोच काढा, आणि हात घालण्यापूर्वी बॅटरी मारून बघा. माझ्या कपाटाच्या त्याच जागी पाल होती.