वाचकांचे प्रश्न: धावून आल्यावरची गोळी आणि डब्यातली पावडर

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे होते, व्यायाम करतोय तर सोबत काय घेऊ. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची आहे, हाफ मॅरेथॉनची तयारी चाललीय, आठवड्यातून चार दिवस धावते. धावून आल्यावर व्हिटॅमिन सी ची १००० मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी आणि रात्री व्हिटॅमिन ई ४०० ची कॅप्सूल असं सहा महिने चालू आहे. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणते याने ट्रेनिंगचा फायदाच कमी होतो. मला ते पटत नाहीये, अँटिऑक्सिडंट वाईट कसं असेल?

तुझी मैत्रीण बऱ्यापैकी बरोबर बोलतेय. पण तुला पटत नाहीये यात तुझी काही चूक नाही, कारण कित्येक वर्षं शास्त्रज्ञांनाही तुझ्यासारखंच वाटत होतं. १९५६ मध्ये डेनहॅम हारमन यांनी मांडलं की फ्री रॅडिकल, म्हणजे शरीरात तयार होणारे आणि दिसेल त्याच्याशी झटकन प्रतिक्रिया करणारे रेणू, शरीराची झीज करतात आणि त्यातून म्हातारपण येतं. पुढे १९८२ मध्ये उंदरांना थकेपर्यंत पळवून बघितलं तर त्यांच्या स्नायूंत फ्री रॅडिकल दोन-तीन पटीने वाढलेले दिसले. मग हिशेब सरळच वाटला, व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात, ते वाईट, अँटिऑक्सिडंट त्यांना मारतं, म्हणजे धावलं की गोळी घ्या.

या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. धावताना स्नायूत जे फ्री रॅडिकल तयार होतात ते नुसता कचरा नसतात, ते निरोप असतात. पेशीला त्यातूनच कळतं की आज आपल्यावर ताण आला, उद्या परत येणार, तयारी करा. मग पेशी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तिच्या आतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढवते आणि स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम्सही जास्त बनवायला घेते, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज वगैरे. आणि आपण ज्याला स्टॅमिना म्हणतो त्यातला मोठा भाग हाच आहे गं, ही आतली वाढ. आता तू दमून आलीस, निरोप निघालाय, आणि तेवढ्यात बाहेरून एवढा मोठा डोस टाकला की तो निरोप अर्ध्या वाटेतच दाबला जातो.

हे नुसतं तर्काने सांगत नाहीये. २००९ मध्ये जर्मनीत ४० तरुण पुरुषांवर एक प्रयोग झाला, चार आठवडे सगळ्यांनी सारखाच व्यायाम केला, निम्म्यांना रोज सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट दिलं, म्हणजे बरोबर तू घेतेस तोच डोस. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्यात इन्सुलिनचं काम सुधारलं, शरीराची स्वतःची एन्झाइम्स बनवणारी जनुकं जागी झाली. ज्यांनी घेतल्या त्यांच्यात हे दिसलं नाही. मग २०१४ मध्ये नॉर्वेत ५४ जणांवर ११ आठवड्यांचा प्रयोग झाला, सी १००० आणि ई २३५ मिलिग्रॅम, तिथेही गोळीवाल्यांच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियाच्या खुणा कमी वाढल्या. पण त्याच प्रयोगात व्हीओटू मॅक्स, म्हणजे जोराच्या व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, दोन्ही गटांत सारखंच सुधारलं, हे पण सांगायलाच हवं. त्यामुळे सहा महिने वाया गेले असं मनात आणू नकोस, तू धावलीस त्याचा फायदा तुला झालेलाच आहे. माझं म्हणणं एवढंच की या गोळीने तुझा स्पीड वाढणार नाही, झालं तर आत थोडं नुकसानच होईल, मग घ्यायची कशाला.

अजून एक. ती गोळी ग्लासात टाकली की कशी तळाशी बसून फसफसते, केशरी पाणी वर येतं, बुडबुडे नाकाला लागतात, आणि पिऊन आपण शरीरासाठी काहीतरी केलं असं मस्त वाटतं. ते वाटणं मी समजू शकते. पण रोजच्या साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅमलाच रक्तातली सी ची पातळी भरून जाते, त्याच्या वरचं बरंचसं एकतर आतड्यातून शोषलंच जात नाही किंवा लघवीवाटे निघून जातं. एका मध्यम संत्र्यात साधारण ७० मिलिग्रॅम सी असतं, दिवसभरात दोन-तीन फळं आणि भाज्या खाल्ल्यास तर तुझं काम झालं. आणि फळं-भाज्यांनी ट्रेनिंग बिघडतं असं कुठेही दिसलेलं नाही, तेव्हा ती भीती नको, ती भरपूर खा.

अंगदुखीसाठी घेत असशील तर तेही सांगते. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेने ५० प्रयोग एकत्र तपासले, अँटिऑक्सिडंटने व्यायामानंतरची दुखी कमी झाली ती इतकी थोडी की माणसाला जाणवणारही नाही.

प्रश्न: पण व्हिटॅमिन सी ने सर्दी होत नाही ना? रेसच्या आधी मला हमखास सर्दी होते, मी पुरुष, वय ४१.

सर्वसाधारण माणसाला रोज सी घेऊन सर्दी व्हायची थांबत नाही, हे खूप प्रयोगांतून दिसलंय. पण तुमचा प्रश्न चांगला आहे कारण नेमका इथे एक अपवाद आहे. मॅरेथॉनवाले, स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा लोकांवरचे पाच प्रयोग आहेत, मिळून ५९८ माणसं, आणि त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणून मी म्हणेन, वर्षभर नको, पण रेसच्या आधीचे दोन-तीन आठवडे, जेव्हा ट्रेनिंग तसंही कमी केलेलं असतं आणि शरीराला नवीन काही शिकवायचं नसतं, तेव्हा लहान डोस घेतला तर माझी हरकत नाही. किडनी स्टोनचा त्रास आधी झालेला असेल तर मात्र घेऊ नका, जास्तीच्या सी चं शरीरात ऑक्झलेट होतं आणि बहुतेक खडे त्याचेच असतात.

प्रश्न: ताई, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, जिमला जातो. त्याच्या खोलीत क्रिएटिन आणि प्री-वर्कआउटचे (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरचे) डबे सापडले. तो म्हणतो सगळे घेतात. मला फार काळजी वाटतेय, स्टेरॉइड तर नाही ना हे?

काळजी वाटणं साहजिक आहे, पण हे दोन डबे वेगळे आहेत, दोघांना एकाच रागाने फेकू नका, नाहीतर तो पुढच्या वेळी लपवून ठेवेल.

क्रिएटिन स्टेरॉइड नाही. आपलं शरीर स्वतः रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन बनवतं आणि मांस-मासे खाणाऱ्यांना आहारातूनही थोडं मिळतं, त्यातलं ९५ टक्के स्नायूंत साठतं. जोर लावायच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायूला जी झटपट ताकद लागते ती त्यातून येते, म्हणून वजन उचलणाऱ्याला ते एखाद-दोन वेळा जास्त उचलता येतं आणि लांब धावणाऱ्याला फार काही फरक पडत नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं, निरोगी मोठ्या माणसांत ते सुरक्षित आहे असं वर्षानुवर्षांच्या अभ्यासांतून दिसलंय. १८ च्या खालच्या मुलांवरचा अभ्यास त्यामानाने कमी आहे, म्हणून माझं मत असं की त्याने अजून वर्षभर नीट जेवावं, आठ तास झोपावं, व्यायामाची पद्धत शिकावी, या वयात वाढ तशीही जोरात असते.

प्री-वर्कआउटचा डबा मात्र मी त्याला बंदच करायला सांगेन. डबा उलटा करून मागचं लेबल त्याच्यासोबत बसून वाचा. बऱ्याच डब्यांवर प्रोप्रायटरी ब्लेंड असं लिहून खाली दहा-बारा नावं आणि शेवटी एकच एकूण आकडा असतो, म्हणजे कुठलं किती ते कळायला मार्गच नाही. कॅफीन वेगळं लिहिलं असेल तर बघा, एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम सहज असतं, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात ४०० च्या वर जाऊ नये असं म्हणतात, मग हे तर १७ वर्षांचं पोरगं. तो संध्याकाळी घेत असेल तर रात्री झोप उडणार, आणि स्नायूंची भरपाई तर झोपेतच होते. पावडर घेतल्यावर चेहऱ्याला आणि हातांना मुंग्या येतात, पोरांना वाटतं चढतंय, लागू पडतंय. ते पावडरमधल्या बीटा-अ‍ॅलानिनमुळे असतं, ताकदीशी त्या मुंग्यांचा काही संबंध नाही. आणि पाण्याशिवाय कोरडी पावडर तोंडात टाकायची जी पद्धत मुलांत आलीय ना ती त्याने करून बघितलीय का हे प्रेमाने विचारा, ठसका लागून पावडर श्वासात जाऊ शकते आणि कॅफीन सगळं एकदम चढतं.

तुम्ही स्टेरॉइडचं विचारलंत त्यालाही आधार आहे. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट तपासली होती, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यातल्या ९४ मध्ये, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांमध्ये, लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइडच्या जातीचे पदार्थ निघाले. मुलगा पुढे स्पर्धेत उतरणार असेल तर हे फार गंभीर आहे, कारण डोपिंगच्या नियमात शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच, मला माहीत नव्हतं हे चालत नाही. काही घ्यायचंच ठरलं तर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट अशी बाहेरच्या तपासणीची खूण असलेलंच घ्या. त्यानेही शंभर टक्के खात्री मिळत नाही पण धोका बराच कमी होतो.

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, रोज तासभर चालतो. सिगरेट कमी केलीय पण सुटलेली नाही. मुलाने फुप्फुसांसाठी म्हणून बीटा-कॅरोटीनच्या कॅप्सूल आणल्यात, रोज घेतो. बरोबर ना?

काका, त्या आजपासून बंद करा. मुलाने प्रेमाने आणल्यात हे कळतंय, पण तुमच्यासाठी नेमकी हीच गोळी धोक्याची आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला होता, कॅन्सर कमी होईल या आशेनेच रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारा पदार्थ, दिलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, त्यात व्हिटॅमिन ए पण होतं, तिथे २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ मध्ये तो प्रयोग ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावा लागला. गाजर खा, भोपळा खा, त्याला काहीच हरकत नाही, धोका कॅप्सूलमधल्या मोठ्या डोसचा आहे. आणि सिगरेट कमी केलीत तेच सगळ्यात अवघड काम होतं, पूर्ण सोडायला डॉक्टरांची मदत मागा, त्यासाठी चांगली औषधं आहेत. ई ची कॅप्सूलही कोणी सुचवली तर घेऊ नका, ३५ हजारांवर पुरुषांवरच्या प्रयोगात ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला होता.

प्रश्न: बीटाच्या रसाने खरंच दम कमी लागतो का? मी सायकलिंग करते, महिनाभर घेतला, काही फरक नाही.

फरक पडतो, पण थोडा. घ्यायचा राइडच्या दोन-तीन तास आधी. मला आधी सांग, तू माउथवॉश वापरतेस का? बीटातल्या नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं काम जिभेवरचे बॅक्टेरिया करतात, जंतुनाशक माउथवॉशने ते मरतात आणि रस नुसताच पोटात जातो. माउथवॉश बंद करून बघ. ज्यांचा सराव आधीच खूप वरच्या दर्जाचा आहे त्यांना तसाही कमीच फायदा होतो. लघवी लालसर झाली तर घाबरू नकोस.

प्रश्न: मी २९, आठ महिने क्रिएटिन घेतोय. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये क्रिएटिनिन १.४ आलं, किडनी गेली का माझी? रात्री झोप लागत नाहीये.

अरे थांब, आधी शांत हो. क्रिएटिनचंच पुढे क्रिएटिनिन होतं, म्हणजे किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, त्यामुळे पावडर घेणाऱ्याचा आणि स्नायू जास्त असणाऱ्याचा आकडा जरा वर असूच शकतो, किडनी ठणठणीत असली तरी. पण म्हणून दुर्लक्षही करायचं नाही, कारण नुसत्या आकड्यावरून दोन्हीतला फरक कळत नाही. पावडर दोन-तीन आठवडे बंद कर, टेस्टच्या आदल्या दोन दिवशी जोराचा व्यायाम नको आणि त्या काळात मांसाहारही जपून, मग परत रक्त दे. सोबत सिस्टॅटिन सी (किडनीचं काम दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासायला सांग, सिस्टॅटिन सी वर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. डॉक्टरांकडे जाताना डबा सोबत घेऊन जा, नुसतं पावडर घेतो म्हणून सांगू नकोस, त्यांनाही मागचं लेबल वाचू दे.