अल्जिनेटचे बारीक, एकसारखे मणी

प्रश्न : आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोडियम अल्जिनेटचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, कॅल्शियमने गोठणाऱ्या पदार्थाचे) द्रावण सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबथेंब सोडून जेलचे मणी तयार करतो. सुई कितीही बारीक घेतली तरी मणी दोन मिलिमीटरच्या आसपासच राहतात. मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये (अतिशय बारीक वाहिन्या असलेल्या छोट्या पट्टीत) केसाच्या जाडीचे एकसारखे मणी कसे होतात? त्या चिपमध्येच कॅल्शियम क्लोराइड सोडले तर चालेल का?

उत्तर : सुईच्या टोकाला लोंबणारा थेंब पृष्ठताणाने धरलेला असतो आणि त्याचे वजन त्या ताणाला भारी झाले की तो सुटतो. त्यामुळे थेंबाचे आकारमान सुईच्या व्यासाच्या प्रमाणात आणि थेंबाचा व्यास मात्र केवळ त्याच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे सुई आठपट बारीक केली तरी थेंबाचा व्यास जेमतेम निम्मा होतो. आपला अनुभव याच हिशेबात बसतो.

चिपमध्ये थेंब तोडण्याचे काम गुरुत्वाकर्षणाकडे नसते. इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या जोडावर (ही पद्धत 2001 साली प्रसिद्ध झाली) अल्जिनेटचा प्रवाह बाजूने मुख्य वाहिनीत शिरतो, तिथून वाहणाऱ्या तेलाची वाट अडवतो, मागे तेलाचा दाब वाढतो आणि तो दाब त्या प्रवाहाची मान आवळून थेंब वेगळा करतो. प्रवाह संथ असताना थेंबाची लांबी मुख्यतः वाहिनीची रुंदी आणि दोन्ही प्रवाहांचे प्रमाण यांवर ठरते, आणि हे दोन्ही स्थिर असल्याने प्रत्येक थेंब आधीच्यासारखाच निघतो. तेलाचा वेग फार वाढवला, तर मात्र अल्जिनेटची लांब धार निघून ती पुढे अनियमितपणे तुटते. चांगल्या मांडणीत व्यासातील फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो. हा आग्रह निव्वळ हौसेचा नाही, कारण व्यासात दहा टक्के वाढ झाली की आकारमान तेहतीस टक्क्यांनी वाढते आणि मण्यात कोंडलेल्या औषधाची किंवा पेशींची मात्राही तशीच बदलते.

भिंतींना तेल चिकटले पाहिजे, अल्जिनेट नव्हे. पीडीएमएस या सिलिकोन रबराच्या चिपा मुळातच जलविरोधी असल्याने इथे सोयीच्या पडतात. तेलात सर्फॅक्टंट (थेंबांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना वेगळे ठेवणारा साबणासारखा पदार्थ) घालावाच, नाहीतर थेंब पुढे जाऊन एकमेकांत मिसळतात. थेंबांचे आकार ठरावीक लयीत लहानमोठे होत असतील, तर चिपआधी सिरिंज पंपाच्या धक्क्यांकडे पाहावे.

आता दुसरा प्रश्न. जोडाच्या आधी कॅल्शियम क्लोराइड मिसळू नये. अल्जिनेट त्याच्या स्पर्शाने क्षणार्धात गोठते, थेंबांऐवजी शेपटीचे तुकडे निघतात आणि वाहिनी तुंबते. माझ्या मते नवशिक्यांच्या बहुतेक चिपा इथेच वाया जातात. त्यापेक्षा कॅल्शियम कार्बोनेटची अतिशय बारीक पूड अल्जिनेटमध्ये मिसळून थेंब आधी पूर्ण होऊ द्यावेत आणि मग पुढच्या तेलात थोडे ॲसेटिक आम्ल द्यावे. आम्ल थेंबात झिरपते, कार्बोनेट विरघळते, कॅल्शियम आतूनच मोकळे होते आणि गोल थेंब गोल असतानाच गोठतो. पूड तळाशी बसून त्रास देत असेल, तर कॅल्शियम आणि ईडीटीए (धातूंचे आयन घट्ट धरून ठेवणारा पदार्थ) यांचे विरघळणारे संयुग वापरावे; आम्लाने तेही कॅल्शियम सोडते आणि मणी अधिक एकजिनसी होतात. मण्यांत जिवंत पेशी असतील, तर आम्लातला वेळ शक्य तितका कमी ठेवून मणी लगेच तेलातून काढावेत आणि थोडे कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) धुवावेत. हा बफर फॉस्फेटचा नसावा, कारण फॉस्फेट जेलमधले कॅल्शियम ओढून घेते आणि मणी मऊ पडतात.