ब्लास्टिंगच्या आधी चेसिस नंबर वाचवा, रंगाचं नंतर बघू

तुम्ही टाकलेला फोटो उघडला आणि हातातला चहा तसाच राहिला. आमची एफसी (महिंद्राची जुनी मालवाहू जीप) २०१६ साली वीटभट्टीमागे अगदी अशीच उभी होती, फक्त हौद्यात कोंबड्यांऐवजी शेळ्या होत्या.

तुम्ही लिहिलंय की मामांच्या रानात पडून असलेली १९६९ ची महिंद्रा एफसी-१५० घरी आणलीत. पुढच्या आठवड्यात चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) ब्लास्टिंगला, म्हणजे दाण्यांच्या माऱ्याने गंज उडवायला, जाणार, मग पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं, ऑलिव्ह ग्रीन मॅट रंग मारायचा आणि दसऱ्याला पूजा करून व्हिंटेजचा नंबर घ्यायचा. आणि एवढं सगळं लिहून प्रश्न काय, तर हौद्याच्या फळ्यांना लाकूड कुठलं घालू! लाकडाचं शेवटी सांगतो. आधी ब्लास्टिंगवाल्याला फोन लावा आणि थांबवा.

खोलाखोली, जॅकने उचलून गाडीखाली घोड्या (स्टँड) लावणं, काढलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो, हे तुम्हाला येतंच असं धरून चालतो. मी फक्त माझी माती कुठे झाली ते सांगतो.

बॉडी उतरवली, पाटे-एक्सल सुटे केले आणि उघडी चेसिस टेम्पोत घालून ब्लास्टिंगला दिली. "चकाचक करून द्या," एवढंच सांगितलं. माणसाने इमानदारीत चकाचक करून दिली. परत आल्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर काळ्या रंगाचे दोन. सगळी गल्ली बघायला आली होती. चेसिस नंबर सांगाड्याच्या लांब लोखंडी पट्टीवर ठोकलेला असतो, तो मुळातच फार खोल नसतो. त्यात पन्नास वर्षांचा गंज, गंजाने पडलेले खड्डे, वरून जाड दाण्याचा मारा आणि त्यावर चार थर रंग. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कॅबमधली कंपनीची पत्र्याची नंबरपट्टी तर मीच रिव्हेट उडवून काढली होती. बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली आणि दिवाळीच्या साफसफाईत तो डबा भंगारात गेला. कोणी दिला यावर घरात अजून एकमत नाही.

आरटीओत तपासणीला गाडी उभी केली. इन्स्पेक्टर साहेबांनी रंग खरवडायला लावला, पट्टीवर कागद धरला आणि आडव्या पेन्सिलने घासायला सुरुवात केली. पाच आकडे झकास उठले. सहावा अर्धाच. सातव्याच्या जागी नुसतं करडं. साहेब कागद उजेडाला धरून म्हणाले, "हा तीन की आठ?" मी म्हटलं, "तीन." ते म्हणाले, "तुम्ही म्हणून चालत नाही हो." चूक त्यांची नव्हती, हे आज मान्य करतो. त्या दिवशी नव्हतं केलं.

तिथून पुढे चौदा महिने. पोलिसांचं पत्र, जबाब, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून नंबराची तपासणी (घासून गेलेल्या जागी रसायन लावून खालचा ठसा उठवतात), मग नंबर पुन्हा ठोकायची परवानगी. स्वतःच्याच गाडीचा आपण चोर नाही, हे चार ठिकाणी लिहून द्यावं लागलं.

पण खरा जीव घेतला तो दुसऱ्या एका आरटीओ कार्यालयाने. नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. गाडीची मूळ नोंद तिथली, आरसी (नोंदणीचं पुस्तक) म्हणजे हाताने लिहिलेलं कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक. जुन्या गाड्यांची नोंद आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत नसेल तर मूळ कार्यालयाला आपलं जुनं रजिस्टर बघून ती चढवावी लागते. बॅकलॉग म्हणतात त्याला. ही नोंद चढल्याशिवाय हस्तांतर, नूतनीकरण, काहीच हलत नाही. तिथली खिडकी म्हणायची, तुमच्या कार्यालयाचं पत्र आणा. आमची खिडकी म्हणायची, त्यांनी नोंद चढवल्याशिवाय पत्र कशावर देऊ? मधे मी आणि लाल डबा. रजिस्टर "वरच्या माळ्यावर आहे, शिपाई रजेवर आहे" हे उत्तर मी तीन वेगवेगळ्या ऋतूंत ऐकलं. अकराव्या खेपेला एक नवीन बाई टेबलावर होत्या. त्यांनी स्वतः शिडी लावली, वीस मिनिटांत रजिस्टर खाली आलं. पान वाळवीने खाल्लेलं, पण आमची ओळ शाबूत! तिथेच सहावा आकडा सापडला. आठ होता.

म्हणून सांगतो, आज संध्याकाळी रॉकेल आणि तारेचा ब्रश घ्या. मशीनचा नको, हाताचा. नंबराची जागा साफ करा, पेन्सिलचे चार-पाच ठसे घ्या आणि तारखेसह फोटो काढा. इंजिन नंबराचंही तसंच. हे आकडे आरसीशी एकेक करून ताडून बघा. जुळले तर त्या जागेवर ग्रीस, वर जाड रबर आणि टेप गुंडाळा आणि ब्लास्टिंगवाल्याला समोर उभं राहून दाखवा. नंतर त्या वीतभर जागेवर पातळ एकच हात रंग. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) तर चुकूनही नको. नंबरपट्टी काढायचीच असेल तर घरात कुठे ठेवली ते दोघांना माहीत असू द्या.

आणि कागद आधी, पाना नंतर. आरसी मामांच्या नावावर आहे की मामांनी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या? त्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का? फेडलेलं कर्ज पुस्तकावर तसंच राहिलेलं मी दोनदा पाहिलंय. हे उमगत नाही तोवर सुट्या भागांवर पैसा घालू नका.

आता तुमच्या बेताकडे. रागावू नका, पण यातल्या तीन गोष्टी एकमेकींच्या मुळावर आहेत. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पार केलेल्या दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी बसतात, आणि गाडी मूळ रूपात लागते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे डिझेल बसवलंत की व्हिंटेज विसरा. शिवाय तुमच्या आरसीवर मालवाहू अशी नोंद असेल तर तो आणखी वेगळा गुंता, तो आधी कार्यालयात विचारा. व्हिंटेजच्या 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळाला तरी नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन-दुरुस्ती एवढंच. शेतावरून भाजी आणायची असेल तर तो नंबर तुमच्या कामाचा नाही.

व्हिंटेज नको, डिझेलच हवं म्हणालात, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. इंजिन बदल परवानगी घेऊन आरसीवर चढवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही हे ठणकावून सांगितलंय. गावोगावी फिरणाऱ्या जीपा दाखवून "त्यांचं कसं चालतं" विचारू नका. त्यांचं अडत नाही तोवर चालतं.

ऑलिव्ह ग्रीनही विसरा. तो रंग संरक्षण खात्यासाठी राखीव आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१. दुसरा कुठलाही घ्या, पण आरसीवरचा रंग बदलायला लागतो हे लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर आहे ते हरिकेन इंजिन ठेवा. १३४ घन इंच, म्हणजे २२०० सीसीला एखादा कमी, तेच जे सीजे-३बी जीपमध्ये होतं. याचा इनटेक वॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे टॅपेट (वॉल्वच्या फटी) दोन ठिकाणी लावावे लागतात. वरचे झाकण उघडून, खालचे बाजूचं झाकण काढून. थंड इंजिनवर इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. पुष्कळ मिस्त्री वरचेच लावतात आणि मग "इंजिन बसलंय, डिझेल टाका" म्हणतात. आमच्याकडेही हेच झालं होतं. ब्लॉकचं काम आम्ही कोल्हापूरला उद्यमनगरात केलं. तिथे म्हाताऱ्या टर्नरला हा ब्लॉक नुसता दाखवला तरी तो खूश होतो. सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवार चाळा, पण फोटो आणि मोडका नमुना दोन्ही सोबत न्या.

आणखी एक, आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा ते मऊ करून टाकतं. एफसीत इंजिन तुमच्या मांडीशेजारी असतं, तिथे पेट्रोल गळणं म्हणजे थट्टा नाही. सगळं नवं घाला.

मी वकील नाही, एजंटही नाही. शुल्क आणि फॉर्म बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी तुमच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि जमलं तर उत्तर लेखी घ्या.

हां, फळ्या. साग घालू नका, महाग पडतो आणि हौद्यात त्याचा काही मान राहत नाही. आम्ही किंजळ घातली, दीड इंची, दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट सोडून. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फट नसली तर फळी कमानीसारखी उठते आणि फाळका (हौद्याचं मागचं झाकण) लागत नाही. बोल्ट घालण्याआधी भोकांत तेल सोडा. आणि नंबराचा ठसा उठला की इथे टाका, पण शेवटचे तीन आकडे झाकून.